डिस्चार्जनंतरचा हात

सकाळी ६:००

मार्चचा शेवटचा आठवडा. चहा उकळेपर्यंत मी फोनवरचे निरोप ऐकते. मंठ्याकडची एक आई सांगते, ‘मॅडम, आज लेकराला घेऊन येते, निरामयचा फॉर्म बी भरायचा हाये.’ घनसावंगी तालुक्यातल्या शेतकऱ्याचा निरोप दोनच शब्दांचा : ‘गाडी भेटली.’ तो ऐकून माझा जीव भांड्यात पडतो. मागच्या आठवड्यात तो आला नव्हता. गाडी होती, तिकिटाला पैसे नव्हते. त्याच्या हाताच्या ऑपरेशनला आज एकवीस दिवस झाले आणि या काळात चुकलेली खेप पुढे भरून काढणं फार अवघड असतं.

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. शिक्षण नागपूरला झालं, काम जालन्यात करते. आजारानं, अपघातानं किंवा जन्मापासूनच्या अडचणीनं ज्याची रोजची कामं अडली आहेत, त्याला ती पुन्हा करता यावीत म्हणून लागेल ते करायचं, हा माझा पेशा. घास तोंडापर्यंत नेणं, गुंडी लावणं, पेन्सिल धरणं, गुरांपुढे चारा टाकणं : माझा उपचार याच कामांतून होतो आणि माणूस किती सुधारला हेही मी याच कामांवरून ठरवते.

सकाळी ८:००

नव्या जालन्यातल्या एका गल्लीत माझ्या दोन खोल्या आहेत. कुलूप उघडलं की पहिलं काम गॅसवर पाण्याचं पातेलं चढवायचं. मग सतरंजी, उशा, लाकडी पाट. एका फळीवर कडी-कोयंडा, नळाची तोटी, गुंड्या आणि चेन ठोकून घेतल्या आहेत. एका परातीत ज्वारी असते. तिच्यात खडे लपवून बोटांनी शोधायला लावते. कपडे वाळत घालायचे चिमटे, नट-बोल्ट, जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे. खोलीतली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे थर्मोप्लास्टिकची शीट. गरम पाण्यात मऊ होते, गार झाली की घेतलेला आकार धरून बसते. तिचा एकही तुकडा मी वाया घालवत नाही.

सकाळी ९:३०

शेतकरी आला. सोबत बायको आहे, ती अर्ध्या तिकिटात येते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं झालं आणि माझ्या खोलीत आयांच्या, लेकरांच्या खेपा वाढल्या. हा निर्णय आरोग्य खात्याचा नव्हता, पण त्याचा गुण मला इथे दिसला.

त्याचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला होता. शाळू काढून झाल्यावर कडबा कापायची घाई असते, त्यात हे अपघात होतात. मधल्या बोटाचे आणि करंगळीजवळच्या बोटाचे टेंडन, म्हणजे मूठ मिटवणाऱ्या दोऱ्या, तळव्यात तुटल्या. छत्रपती संभाजीनगरला ऑपरेशन झालं, सरकारी योजनेतून. ‘एक रुपया लागला न्हाई, मॅडम,’ तो सांगतो. मग हाताकडे बघून विचारतो, ‘पर मूठ कव्हा मिटन?’

या घराचा एक जुना हिशेब मला ठाऊक आहे. त्याच्या वडिलांचीही दोन बोटं अशाच यंत्रात गेली. ‘तवा कोन ऑपरेशन करतं? हळद दाबली, फडकं बांधलं,’ असं ते मागे मला म्हणाले होते. बाप आणि लेक यांच्या मधे जे बदललं ते धोरण. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा जालना त्यात नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली : कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कवच, यादीत ९७१ उपचार. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ मिळू लागला. जालना त्या चौदांत होता. १ एप्रिल २०२० पासून ती आयुष्मान भारतला जोडली गेली. आणि १ जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग पाहायचं कारणच उरलं नाही. पिवळं, केशरी, पांढरं, सगळ्यांना पाच लाखांपर्यंतचं कवच आणि यादीत तेव्हा १,३५६ उपचार. ही छोटी गोष्ट नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी असे हात माझ्यापर्यंत पोचतच नव्हते. आज जोडलेले हात येतात. ज्यांनी ही योजना उभी केली, त्यांचे उपकार मी रोज माझ्या पाटावर बघते.

आज त्याच्या पट्टीचा आकार बदलायचा आहे. सूज उतरल्यामुळे जुनी सैल झाली. पातेल्यातली शीट चिमट्यानं उचलते, टॉवेलवर टिपते. कणकेच्या लाटीसारखी ती हातात लोंबते. मिनिट-दोन मिनिटांत घडवायची. मनगट किंचित आत वाकलेलं, बोटांची मुळं वाकलेली, पेरं सरळ. जखमेची ओळ कुठे दाबली जात नाही ना, ते अंगठ्यानं चाचपते. कडा बाहेर वळवते, नाहीतर झोपेत कातडी सोलते. तोवर शीट कडक होते.

मग बायकोला समोर बसवते. ‘यांनी स्वतः बोटं मिटायची नाहीत. तुमच्या हातानं किंवा यांच्या डाव्या हातानं बोट असं हळूच तळव्याकडं न्यायचं. दहा वेळा. जागेपणी दर तासाला.’ सहा आठवडे पट्टी, मग हलकी कामं. कडब्याची पेंढी उचलायची तर बारा आठवडे धीर धरायचा. तिनं एकदा करून दाखवलं. तिचा हात माझ्यापेक्षा हळुवार आहे, पण नेमका आहे.

आता अडचण सांगते. महात्मा फुले योजनेच्या पॅकेजात रुग्णालयातला सगळा खर्च येतो, घरी जायचं भाडं येतं आणि डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं येतात. आयुष्मान भारतच्या केंद्रीय नियमांत ही मुदत पंधरा दिवसांची आहे. ज्या उपचाराला दाखल व्हावं लागत नाही, तो सहसा त्यात बसत नाही. म्हणजे दहा दिवसांचा हिशेब योजनेचा आणि उरलेले दहा-अकरा आठवडे या नवरा-बायकोचे. टाके सुकेपर्यंत सरकार सोबत असतं. मूठ मिटायची पाळी येते तेव्हा शेतकरी तिकिटाचे पैसे मोजत असतो.

सकाळी ११:३०

एक मुलगी आली, कॉलेजात शिकणारी. तिच्या वडिलांचा मोटारसायकलवर अपघात झाला, डोक्याला मार लागला. ते वाचले, पण आता शर्ट कुठल्या हातापासून घालायचा तेच त्यांना उमगत नाही. तिचा प्रश्न मी रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकते : ‘कार्डावर थेरपी बसते का?’

तिला एका मोठ्या रुग्णालयात सांगितलं होतं, ‘ओटीला दाखवा.’ ती वडिलांना घेऊन ऑपरेशन थिएटरच्या दारात दोन तास बसून राहिली. सगळीकडे ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. ऑक्युपेशनल थेरपीलाही ओटीच म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नाही. ते ऐकून माझ्या मनात पक्कं बसलं, की आपल्या विम्याच्या धोरणाचंही असंच झालं आहे. पहिल्या ओटीचं दार त्याला माहीत आहे, तिथला एकेक उपचार क्रमांक घालून नोंदलेला आहे. दुसऱ्या ओटीपर्यंत ते अजून चालत आलेलं नाही.

अपघातांसाठी ५ मे २०२५ रोजी केंद्रानं नवी योजना अधिसूचित केली : रस्ते अपघातातल्या जखमीला दीड लाखापर्यंत विनारोकड उपचार, पहिले सात दिवस. जीव वाचवायला हे सात दिवस मोलाचे आहेत. पण मेंदूला मार लागलेला माणूस आठव्या दिवशी बरा होऊन घरी जात नाही. त्याची खरी शाळा तेव्हा सुरू होते.

मुलीला मी आजचं काम दिलं : शर्टाच्या उजव्या बाहीला आतून लाल दोरा शिवायचा, रोज तोच हात आधी, तीच जागा, तीच वेळ. तिनं वहीत लिहून घेतलं.

दुपारी १२:३०

मंठ्याची आई आणि तिची चार वर्षांची लेक. लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे. अंगठा मुठीच्या आत दुमडून बसतो, त्यामुळे काही उचलायचं तर ती सगळा पंजा फरफटते. मी तिला कोपऱ्यात टेकवून बसवते, पाय जमिनीला लागतील असे. पाटावर मुरमुरे. अंगठ्याला मऊ पट्टी बांधून तो बाहेर काढते आणि थांबते. पहिला मुरमुरा निसटतो. दुसरा चुरगळतो. पाचवा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधे येतो. तो तोंडात जाईपर्यंत आई श्वास रोखून धरते. लेक मात्र लगेच सहाव्याकडे वळते.

या लेकीसाठी एक विमा आहे, ज्याला माझं काम कळतं : निरामय. १९९९ च्या कायद्यानं झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंतचं कवच मिळतं. ओपीडीचा खर्चही त्यात येतो आणि नियमित थेरपीचाही, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. दारिद्र्यरेषेखालच्या घराला नोंदणीला २५० रुपये, दर वर्षी नूतनीकरणाला ५०. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. म्हणूनच या आठवड्यात माझ्याकडे आयांची रीघ आहे. एखादीची तारीख चुकली तर कवच तुटतं आणि पुन्हा सगळी कागदपत्रं गोळा करावी लागतात.

निरामयनं एक गोष्ट दाखवून दिली : थेरपीचा खर्च सरकारी विम्यात बसवता येतो. तिच्यात उणीवही आहे. पैसे आधी घरानं भरायचे, पावत्या जोडायच्या, मग परतावा. रोजंदारीवर जाणाऱ्या आईकडे आधी भरायला पैसे असते, तर ती एवढ्या लांबून महिन्यातून दोनदाच कशाला आली असती? आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारचं अपंगत्व मान्य केलं, निरामयच्या कक्षेत त्यातले मोजकेच येतात. दुपारी ज्यांच्या घरी जायचं आहे ते लकवा झालेले आजोबा, कडबाकुट्टीतला हात, डोक्याला मार लागलेला बाप, हे सगळे तिच्या बाहेर.

मी तिच्या पावत्या तारखेप्रमाणे लावते. प्रत्येकीवर माझा नोंदणी क्रमांक, सेशनची तारीख, काय केलं, सही. एक पावती भिजून फाटलेली निघाली. ती मी वहीतली नोंद बघून पुन्हा लिहून देते.

दुपारी २:००

डबा खाताना दहा मिनिटं शांत मिळतात. समोर भिंतीवर मी एक नाव लिहून ठेवलं आहे : कमला निंबकर. अमेरिकेत जन्मलेल्या, लग्न करून महाराष्ट्राच्या सून झालेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. १९५२ मध्ये या पेशाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. म्हणजे देशात हा उपचार आपल्याच राज्याच्या अंगणात जन्मला. पंच्याहत्तर वर्षं होऊन गेली, तरी मराठवाड्याच्या खेड्यात त्याचं नाव पोचलेलं नाही, कारण ज्याचा दर ठरलेला नाही त्यासाठी रुग्णालयं माणूस नेमायला धजावत नाहीत.

२०२१ मध्ये संसदेनं सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात व्यवसायोपचाराला स्वतःची जागा मिळाली. विम्याच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे. थेरपीला पैसे द्यायचे तर ती कुणी दिली, शिकलेल्यानं की ऐकीव माहितीवर, हे विमा विचारणारच. आता त्याचं उत्तर कायद्यानं देता येतं.

दुपारी ३:३०

कुंडलिका नदीचा पूल ओलांडून जुन्या जालन्यात. आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, तीन महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, मिळकत कितीही असो, पाच लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आजोबांचे रुग्णालयातले आठ दिवस त्यातून निघाले. घरी आल्यापासूनचे तीन महिने आजींनी काढले.

मी इथे पहिल्यांदा आले तेव्हा आजोबांच्या हाताआधी घर तपासलं. न्हाणीघराच्या भिंतीत धरायला एक गज बसवून घेतला. जालना म्हणजे सळयांच्या कारखान्यांचं गाव, तो मिळायला वेळ लागला नाही. उंबऱ्याशी उतार केला. बाजेखाली विटा लावून ती उंच केली, म्हणजे उठताना गुडघ्यावर ताण येत नाही.

आज भाकरीचा दिवस. आजोबांना आजी काला करून भरवतात आणि त्यांना ते आवडत नाही. ‘भाकर मोडून खायची असती,’ ते अडखळत म्हणतात. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं, म्हणजे ते सरकत नाही. उजवा हात उचलून मी भाकरीच्या काठावर ठेवला. ‘याला फक्त दाबून धरू द्या. मोडायचं डाव्यानं.’ बोटं थरथरली, भाकर फिरली. पुन्हा. तिसऱ्या वेळी तुकडा मोडला. वरणात बुडवून त्यांनी तो स्वतःच्या हातानं खाल्ला. हनुवटीवर ओघळ आला, तो त्यांनीच पुसला.

आजी जरा वेळानं म्हणाल्या, ‘आता मला दुपारचं लेकीकडं घटकाभर जाता येईन.’

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. एक माणूस स्वतः जेवू लागला की दुसऱ्या माणसाची दुपार मोकळी होते. कुठल्या पॅकेजात या दुपारचा भाव धरला जाईल?

सायंकाळी ५:३०

माझ्या खोल्यांवर परतले तर दोन कामगार वाट बघत बसलेत. दोघांचं वय तिशीच्या आत, दोघंही सळयांच्या कारखान्यांत काम करणारे, दोघांचीही बोटांची दुखापत जवळपास एकसारखी. फरक कागदाचा आहे.

पहिल्याचं नाव कर्मचारी राज्य विम्यात आहे. १९४८ च्या कायद्यानं आलेला हा विमा, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के. या विम्याचं वैशिष्ट्य असं, की त्यात ओपीडी येते आणि कामावर झालेल्या दुखापतीत तात्पुरतं काम बंद असेपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. म्हणून तो निवांत आहे. नवव्या आठवड्यात आहे, नट-बोल्ट फिरवतो, पाना धरतो. मुठीचा जोर मोजायचं यंत्र दाबल्यावर मागच्या वेळेपेक्षा काटा पुढे सरकला, तेव्हा त्यानं स्वतःच तो आकडा मोठ्यानं वाचला.

दुसरा ठेकेदाराकडचा. त्याचं नाव कामगारांच्या कुठल्याच विम्यात नव्हतं. हातात केशरी कार्ड असल्यामुळे त्याचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून फुकट झालं. पण घरी बसल्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. चौथ्या आठवड्यात तो पट्टी काढून कामावर गेला. तिथे एक टेंडन पुन्हा तुटला. आता दुसरं ऑपरेशन. ‘काय करता मॅडम, घरी तीन खाणारी तोंडं हायेत,’ तो म्हणतो. मी त्याला रागावत नाही. त्याच्या जागी मीही गेले असते. योजना आता दुसऱ्या ऑपरेशनचे पैसे भरेल. माझ्या हिशेबानं त्याहून कमी पैशांत बारा आठवड्यांची थेरपी आणि येण्याजाण्याचं भाडं निघालं असतं, आणि हे ऑपरेशन टळण्याची आशा तरी राहिली असती.

रात्री ८:००

कागद. निरामयचे तीन अर्ज पुरे केले. मग एक अर्ज, जो मी महिनाभर थोडा थोडा लिहिते आहे, राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या नावानं. त्यात मोठं काही मागितलेलं नाही. हात, मेंदू आणि मणका यांच्या ज्या उपचारांना योजना पैसे देते, त्यांच्या पॅकेजात डिस्चार्जनंतरची ठरावीक सेशन धरा. टेंडनला बारा आठवडे, लकव्याला पहिले सहा महिने. सेशन तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात द्या, म्हणजे परतूरच्या माणसाला जालन्याला यावं लागणार नाही. आणि शेवटचा हप्ता रुग्ण काय करू शकतो ते बघून द्या : मूठ मिटते का, घास जातो का, कामावर परतला का.

अर्जासोबत मी आजचा तक्ता जोडते. आकडे थोडे, ओळी साध्या. ‘मुरमुरा चिमटीत धरला.’ ‘भाकर मोडली.’ ‘पाना धरला.’ ‘टेंडन पुन्हा तुटला.’ आजींचं वाक्यही मी त्यात घातलं आहे.

रात्री ९:३०

फोन वाजतो. घनसावंगीहून व्हिडिओ. अंगणातला पिवळा दिवा, मागे गाय रवंथ करते आहे. बायकोचा आवाज, ‘येक, दोन, तीन...’ तिची बोटं त्याची बोटं हळूहळू तळव्याकडे नेतात. बरोबर चाललंय. मी पुन्हा सुरुवातीपासून बघते. सातव्या खेपेला त्याचं मधलं बोट तिच्या हाताच्या आधीच हलतं. तो स्वतः मूठ मिटून बघतोय. पट्टीचा वरचा पट्टा सुटा लोंबतोय.

मी लगेच फोन लावते. तोच उचलतो, आवाजात आनंद मावत नाही. ‘मॅडम, मिटतीय!’

‘मिटते आहे, दिसलं मला. दोरा अजून कच्चा आहे, आज ओढलात तर तुटेल. पट्टा बांधा. आत्ता, मी फोनवर असताना.’

पलीकडे व्हेलक्रो चिकटल्याचा आवाज येतो. एकदा, मग दुसऱ्यांदा.

‘बांधला,’ तो म्हणतो.

‘सोमवारी या.’

तो गप्प राहतो. मला कळतं तो काय मोजतोय. मी म्हणते, ‘सोमवारी एकट्या वहिनींना पाठवा, अर्ध्या तिकिटात. पुढच्या आठवड्याचं सगळं त्यांना शिकवून देते.’